फोटोखालच्या ओळी आणि व्याकरणाचा तास

(मंडळाच्या शताब्दी समारंभात मराठी शाळेच्या एका शिक्षिकेने केलेलं भाषण. समारंभात जसं झालं, जवळजवळ तसंच इथे छापलं आहे.)



आयोजकांनी मला ‘मराठी शाळेची वाटचाल’ असा विषय दिला होता. वाटचालीवरचं भाषण कसं असतं ते आपण सगळे जाणतो. सुरुवातीला मुलं किती होती, आता किती आहेत, वर्ग कोणाच्या तळघरात भरत होते आणि आता कुठे भरतात. हे सगळं चिटणीसांनी सकाळच्या अहवालात सांगितलं आहे. म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. मी व्याकरणावर बोलणार आहे. जेवणाच्या आधी व्याकरण जरा जड जातं, पण मसालेभाताला अजून अवकाश आहे असं मला स्वयंपाकघरातून कळलं आहे.

व्याकरणच का, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्यापुढे एक ठराव येणार आहे. रविवारच्या शाळेत व्याकरणाची स्वतंत्र कार्यपुस्तिका लावावी आणि वर्षाअखेर चाळीस गुणांची व्याकरणाची लेखी परीक्षा घ्यावी, असा तो ठराव आहे. तो मांडणाऱ्या पालकांना मी ओळखते. त्यांची तळमळ खरी आहे. आपली मुलं मराठी बोलतात, पण लिहायला बसली की ‘मी आवडतो क्रिकेट’ असं लिहितात. ते वाचून कोणालाही वाटेल की शाळेत व्याकरण शिकवतच नाहीत. आपण इथे मराठी माणसाच्या येण्याची शंभर वर्षं साजरी करतो आहोत आणि पुढची पिढी ‘मी आवडतो’ लिहिते आहे, ही गोष्ट टोचते. मलाही टोचते. फक्त त्यावरचा उपाय चाळीस गुणांचा पेपर आहे असं मला वाटत नाही. का वाटत नाही, ते आज सविस्तर सांगते.

मी आठवड्याचे पाच दिवस इथल्या सरकारी शाळेत सातवीला लँग्वेज आर्ट्स शिकवते आणि रविवारी आपल्या शाळेत मराठी. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते, लँग्वेज आर्ट्स म्हणजे आपल्या वेळचा ‘इंग्रजीचा तास’ नव्हे. वाचन, लेखन, बोलणं, ऐकणं आणि व्याकरण या सगळ्यांची तिथे एकत्र मोट बांधलेली असते. आणि ती मोट कशी बांधायची यावर अमेरिकेत निदान साठ वर्षं भांडण चालू आहे.

या देशात व्याकरण एके काळी फार कडक शिकवलं जाई. ब्रुकलिनमधल्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी १८७७ मध्ये वाक्याचा आराखडा काढण्याची पद्धत रूढ केली. आडवी रेघ काढायची, तिच्यावर कर्ता आणि क्रियापद ठेवायचं, खाली तिरप्या रेघांवर विशेषणं टांगायची. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे आराखडे काढले. मला स्वतःला ते आवडतात, कोड्यासारखे असतात. मात्र १९६३ मध्ये लेखनाच्या शिक्षणावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा निघाला आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की नुसत्या औपचारिक व्याकरणाच्या शिकवणीने मुलांचं लेखन सुधारत नाही. तो वेळ प्रत्यक्ष लिहिण्यातून काढून घेतला जातो, म्हणून नुकसानच होण्याचा संभव आहे. पुढे १९८५ मध्ये इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने सुटी सुटी व्याकरणाची घोकंपट्टी नको असा ठरावच केला. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यातही स्वतंत्र शिकवलेल्या व्याकरणाचा लेखनावर झालेला परिणाम उणे निघाला. छोटी छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याच्या सरावाचा परिणाम मात्र चांगला दिसला.

हे सगळं वाचून काही शाळांनी व्याकरणच सोडून दिलं. मुलांना लिहू द्या, आपोआप येईल, म्हणाले. ते काही आपोआप आलं नाही. माझ्या मते ती दुसऱ्या टोकाची चूक होती, आणि तिचे परिणाम सातवीच्या वर्गात बसलेल्या शिक्षकाला दर सप्टेंबरात दिसतात.

या दोहोंमधली वाट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बऱ्याच शिक्षकांनी शोधली. कॉन्स्टन्स वीव्हर यांचं १९९६ चं पुस्तक आणि जेफ अँडरसन या टेक्साससच्या शिक्षकाचं २००५ चं पुस्तक आमच्या शिक्षकांच्या खोलीत फाटेस्तोवर वाचली गेली आहेत. कल्पना साधी आहे. खऱ्या लेखकाने खऱ्या वाचकासाठी लिहिलेलं एखादं वाक्य फळ्यावर घ्यायचं. मुलांना विचारायचं, तुम्हाला यात काय दिसतं? चूक शोधायची नाही, कारण वाक्य बरोबरच आहे. त्याने ते असं का केलं असेल ते शोधायचं. मग तसंच वाक्य आपण करून पाहायचं आणि त्याच आठवड्यात आपण जे काही लिहीत आहोत त्यात ते वापरायचं. नाव शेवटी सांगायचं. आपल्या वेळी नाव आधी यायचं, व्याख्या मग, उदाहरण मग, आणि वापर कधीच नाही.

एक उदाहरण माझ्या सातवीतलं देते. मुलांना उपाहारगृहात फुकट जाणाऱ्या अन्नाबद्दल शाळेच्या प्रशासनाला पत्र लिहायचं होतं. पत्र खरोखर जाणार होतं, उत्तरही येणार होतं. एका मुलाने लिहिलं, रोज सफरचंदं फेकली जातात. दुसरा म्हणाला, कोण फेकतं? वर्गात शांतता, कारण फेकणारे तिथेच बसले होते. त्या पंधरा मिनिटांत कर्मणी प्रयोग कशासाठी असतो ते वर्गाला जेवढं कळलं, तेवढं कार्यपुस्तिकेच्या तीस वाक्यांनी कळलं नसतं. करणाऱ्याचं नाव झाकायचं असेल तेव्हा हा प्रयोग कामाला येतो. कधी ते झाकणं सभ्यपणाचं असतं, कधी लबाडीचं. मुलांनी बसून ठरवलं की पत्रात पहिल्या परिच्छेदात ‘आम्ही फेकतो’ लिहायचं आणि तक्रार दुसऱ्या परिच्छेदात करायची. हा निर्णय व्याकरणाचा होता, आणि तो बारा वर्षांच्या मुलांनी घेतला.

जाता जाता, मराठीत यापेक्षा मजा आहे. इंग्रजीत ग्लास फुटला आणि मी ग्लास फोडला, दोन्हींना एकच क्रियापद. आपल्याकडे फुटणं वेगळं, फोडणं वेगळं. तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं. हात लावलेला असला तरी आपलं मूल ‘फुटला’ म्हणतं आणि सुटतं. आमच्या रविवारच्या वर्गात ही जोडी एकदा कळल्यावर घरोघरी ‘फुटला की फोडलास?’ अशी उलटतपासणी सुरू झाली, असं पालकांनी मला सांगितलं.

आता मराठीकडे येते. इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना विभक्तीचा तक्ता पाठ आहे. स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. मलाही झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. पण तो तक्ता आपल्याला आला तो मराठी येत असताना आला. आपण घरात, गल्लीत, दुकानात मराठी बोलत होतो आणि शाळेने त्याला नावं दिली. इथल्या मुलाला मराठी घरात ऐकू येते, तीही संध्याकाळी दोन तास. त्याला नावं आधी दिली तर ती लटकवायला खुंटीच नसते. शिवाय तक्त्यात नेहमी ‘राम’ असतो. राम, रामास, रामाने. मुलाची खरी अडचण ‘ला’ कुठला आणि ‘ने’ कुठला ही नसते. ‘ला’ लागायच्या आधी शब्दाचं जे सामान्यरूप होतं, तिथे ते अडतं. ‘शाळात’, ‘घोडावर’, ‘आंबाचा रस’ लिहितं. राम त्याला तिथे काही मदत करत नाही.

आणि हा तक्ता काही ज्ञानेश्वरांच्या काळापासून चालत आलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघालं, आणि त्याची मांडणी करताना त्यांच्यासमोर लिंडली मरे यांचं इंग्रजी व्याकरण होतं. हे मरे कोण? जन्म १७४५, पेनसिल्व्हेनियातला. वकिली न्यूयॉर्कला. पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ जाऊन राहिले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेच्या शिक्षिकांनी मागितलं म्हणून १७९५ मध्ये त्यांनी व्याकरण लिहिलं. मॅनहॅटनमधला मरे हिल हा भाग त्यांच्या वडिलांच्या नावाने ओळखला जातो. आपण लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर ज्या भागात मसाले आणि डोसे खायला जातो आणि ज्याला गमतीने करी हिल म्हणतात, तो तिथलाच. म्हणजे आपल्या व्याकरणाच्या पुस्तकाचा एक आजोबा इथूनच तिकडे गेला होता. आपण त्याला परत आणतो आहोत असं हवं तर समजा. पण मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मरे यांना व्याकरण कोणीतरी मागितलं होतं. गरज आधी होती.

मग आमच्या मुलांना मराठी व्याकरणाची गरज कधी पडते? परीक्षेत पडते असं ठराव मांडणारे म्हणतील. परीक्षा झाली की ती संपते. गरज तेव्हा पडते जेव्हा मराठीच वाचू शकणारा कोणी वाचणार असतो आणि त्याच्यापर्यंत काहीतरी पोचायला हवं असतं. असे वाचक आपल्या मुलांना फार कमी आहेत. भारतातल्या आजी-आजोबांशी आता फोनवर बोलणं होतं, लिहिणं होत नाही. म्हणून तो वाचक आपल्याला मुद्दाम शोधून द्यावा लागतो.

यंदा तो शताब्दीने दिला. मंडळाकडे जुन्या फोटोंची खोकी आहेत. कोणाच्या तळघरातून आलेली, कोणी घर विकताना देऊन टाकलेली. स्मरणिकेत ते फोटो छापायचे ठरले आणि प्रत्येकाखाली एक ओळ हवी होती. ती ओळ लिहिण्याचं काम आम्ही सहावी ते आठवीच्या मुलांना दिलं. अट दोनच: ओळ मराठीत हवी, आणि फोटोतला माणूस किंवा त्याचे घरचे वाचणार आहेत हे लक्षात ठेवायचं. मुलांनी ज्येष्ठांना फोन केले, घरी जाऊन बसले, चिवडा खाल्ला, माहिती घेतली आणि लिहायला बसले.

पहिल्या रविवारी जे आलं त्यातली एक ओळ अशी होती: ‘बाई जी निळी साडी घालते आहे ती गणपती बसवते आहे.’ यात काय दिसतं, म्हणून वर्गाला विचारलं. एक मुलगी म्हणाली, ‘साडी घालत नाहीत, नेसतात.’ तिथून गाडी सुटली. साडी नेसतात, कोट घालतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात, गजरा माळतात. इंग्रजीत या सगळ्याला एक शब्द. अर्धा फळा भरला. मग दुसरा प्रश्न आला तो जागेचा. ओळ एकच लिहायची होती आणि छपाईवाल्यांनी अक्षरं मोजून दिली होती. ‘बाई जी’ हे मराठीत असं मागून येत नाही, ते इंग्रजीचं वळण आहे हे मी सांगितलं. ‘जी निळी साडी नेसली आहे ती बाई’ हे बरोबर, पण लांब. मी त्यांना जुन्या दिवाळी अंकांतल्या फोटोंखालच्या ओळी दाखवल्या आणि विचारलं, ही माणसं काय करतात? पाच मिनिटांत सापडलं. ‘निळी साडी नेसलेली बाई.’ सगळं वाक्य घडी घालून एका शब्दात बसवलेलं.

मंडळी, हे ‘लेला’ प्रकरण आम्हाला तीन रविवार पुरलं. टोपी घातलेला मुलगा, गजरा माळलेली मुलगी, कोसळलेलं झाड. फोटोतल्या मोठ्या माणसांना एकवचनात कसं लिहायचं, असा प्रश्न एका मुलाने काढला. मग ‘खुर्चीवर बसलेले गृहस्थ’, ‘नऊवारी नेसलेल्या आजी’. आदरासाठी अनेकवचन वापरतात हे त्यांना बोलताना माहीत होतं, पण ते ‘लेला’पर्यंत जाऊन पोचतं हे तेव्हा कळलं. आणि मग एका आठवीतल्या मुलाने, जो एरवी वर्गात झोपतो, हात वर केला. तो म्हणाला, ‘शेजारी’ लिहिलं की सगळे सारखेच होतात. आम्हाला कळेना. त्याने फळ्यावर लिहून दाखवलं: कोट घातलेल्या मुलाशेजारी, साडी नेसलेल्या बाईशेजारी, कोसळलेल्या झाडाशेजारी. लेला, लेली, लेलं, काहीही असो, पुढच्या नामाचं सामान्यरूप झालं की विशेषणाचं ‘लेल्या’ होतं. हा नियम दामल्यांच्या १९११ च्या शास्त्रीय व्याकरणापासून वाळिंब्यांच्या पुस्तकापर्यंत सापडेल. पण या मुलाने तो स्वतः काढला, कारण त्याच्या फोटोत सात माणसं एकमेकांच्या शेजारी उभी होती आणि प्रत्येकाला जागा दाखवायची होती. त्यानंतर मी त्याला नाव सांगितलं, धातुसाधित विशेषण. नाव तो विसरेल. ‘लेल्या’ विसरणार नाही.

असंच दुसरं काम मुलांनी घरी केलं. आंबा, आंब्याला. घोडा, घोड्याला. मग मामा? मामाला. कोणीतरी विचारलं, ‘माम्याला’ का नाही? मी उत्तर दिलं नाही, यादी करायला सांगितली. आकारान्त शब्द गोळा करा आणि घरात मोठी माणसं खरोखर काय बोलतात ते लिहून आणा. आई-बाबांना विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं. पुढच्या रविवारी काय काय आलं! सोफा, सोफ्यावर. कॅमेरा, कॅमेऱ्यात. पिझ्झा, पिझ्झ्यावर, पण एका घरी पिझ्झावर. डोसा, डोशाबरोबर, आणि ते ऐकून एक जण ओरडला, मासा, माशासारखं! कलकत्त्याला, पण अटलांटाला. अमेरिका, अमेरिकेत, पण कॅलिफोर्नियात. आजोबा, काका, दादा, राजा हे जसेच्या तसे. एका मुलीने सिद्धांत मांडला की जे शब्द आपल्या घरी कायमचे राहायला आले ते बदलतात आणि पाहुणे बदलत नाहीत. मग मामा-काका काय पाहुणे आहेत? त्यावर मागून उत्तर आलं, ‘त्यांना कोण बदलणार?’

भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना हा सिद्धांत पुरेसा वाटणार नाही, पण इथे राहायला आलेल्यांच्या मुलांनी तो मांडला, याचं मला कौतुक वाटलं.

या यादीमुळे एक नाजूक गोष्टही वर्गात आली. एका मुलीने तिच्या आजीचं वाक्य लिहून आणलं, ‘मी सगळं काम केलो.’ बाकीची मुलं हसली. आजी लातूरच्या. मराठवाड्यात, सोलापूरकडे कित्येक घरांत असंच बोलतात. आम्ही वर्षभर ‘मी काम केलं’ शिकवत होतो आणि ‘केलो’ला तांबडी रेघ मारत होतो. व्याकरणाची कार्यपुस्तिका इथे एकच गोष्ट करू शकते, चूक की बरोबर. पण त्या मुलीला आजीची मराठी चूक आहे असं सांगणं मला शक्य नव्हतं, आणि ते खरंही नाही. आम्ही असं ठरवलं की फोटोखालची ओळ प्रमाण मराठीत असेल, कारण ती सगळ्यांनी वाचायची आहे. आजीने सांगितलेली गोष्ट अवतरणात असेल तर ती आजीच्या शब्दांत. म्हणून स्मरणिकेच्या एका पानावर तुम्हाला ‘केलो’ दिसेल. संपादकांनी ते दुरुस्त करून नये, अशी त्यांना इथे जाहीर विनंती.

मोठ्या मुलांसाठी आम्ही आणखी एक गोष्ट केली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी. पुढे १८८९ मध्ये त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक निघालं. आनंदीबाई तर आपल्या न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे राहिलेल्या. या दोघी परत गेल्या, म्हणून आपली शंभर वर्षं मोजताना त्या मोजणीत येत नाहीत, पण अमेरिका मराठीत कशी लिहायची हा प्रश्न आधी त्यांच्यासारख्यांना पडला. रमाबाईंच्या पुस्तकातला एक परिच्छेद मुलांनी वाचला. भाषा जुनी, शब्द अडतात. तरी एक गोष्ट त्यांना चटकन दिसली: ज्या वाचकाने हे काहीच पाहिलेलं नाही त्याच्यासाठी बाई लिहीत आहेत, म्हणून आधी त्याच्या ओळखीची वस्तू सांगतात, मग इकडची. त्यानंतर मुलांनी बर्फाच्या सुट्टीबद्दल भारतातल्या भावंडांना लिहिलं. ‘पेक्षा’, ‘इतका’, ‘सारखा’, ‘जसा-तसा’ हे सगळं त्या पत्रांत यावंच लागलं. ‘घराच्या दारापेक्षा उंच बर्फ’ लिहिताना दार, दारा, दारापेक्षा हे एका मुलीने तीनदा खोडून लिहिलं. मी तिच्या मागे उभी होते, काही बोलले नाही.

आता अडचणी. या पद्धतीत सगळे विषय क्रमाने होत नाहीत. ‘लेला’ तीन आठवडे झाला आणि भविष्यकाळ अजून नीट झालेला नाही, कारण जुन्या फोटोत भविष्यकाळ लागत नाही. तो पुढच्या सत्रात सहलीचं पत्रक लिहिताना घेऊ. ऱ्हस्व-दीर्घ मात्र असं येत नाही. त्याला नियम लागतात आणि सराव लागतो, तिथे मी जुन्या वळणाचीच आहे. आणि सर्वांत मोठी अडचण शिक्षकांची. मुलाच्या वाक्यातून कुठला नियम डोकावेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून शिक्षकाला व्याकरण कार्यपुस्तिकेपेक्षा जास्त यावं लागतं. इंग्लंडात एक्सेटर विद्यापीठात डेब्रा मायहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखनातून व्याकरण शिकवण्याचा मोठा प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखन सुधारलं, पण चांगलं लिहिणाऱ्या मुलांचं जास्त, आणि शिक्षकाच्या व्याकरणज्ञानाचा परिणामावर फरक पडला. आपल्या शाळेतले शिक्षक स्वयंसेवक आहेत. कोणी अभियंता, कोणी फार्मासिस्ट. त्यांना ‘मराठी येते ना, मग शिकवा’ एवढ्यावर सोडणं योग्य नाही.

म्हणून ठरावाला माझी दुरुस्ती अशी. कार्यपुस्तिका घ्या, पण ती शिक्षकांना आणि पालकांना संदर्भासाठी द्या. चाळीस गुण लेखी परीक्षेला न देता वर्षभराच्या लेखनवहीला द्या. त्या वहीत प्रत्येक लेखनाचा पहिला आणि शेवटचा खर्डा दोन्ही असतील आणि काय बदललं, का बदललं, हे मूल दोन ओळींत मराठीत सांगेल. ‘का’ सांगता आलं की व्याकरण आलं, त्याला मी गुण द्यायला तयार आहे. आणि महिन्यातून एक शनिवार शिक्षकांसाठी ठेवा. दोन तास, वाळिंब्यांचं पुस्तक मध्ये ठेवून, मुलांच्या वह्यांतली वाक्यं घेऊन बसू. चहा मी आणते.

पालकांकडून मला एवढंच हवं की मुलाने मराठीत चिठ्ठी लिहिली तर ती आधी वाचा आणि तिला उत्तर द्या. ‘आई, मी दुध संपवलो’ अशी चिठ्ठी फ्रिजवर दिसली तर खाली लिहा, ‘मग येताना दूध आण.’ दूधमधला दू दीर्घ लिहा. ते बघेल.

शेवटी कामाचं. बाहेर जेवणाच्या रांगेजवळ टेबलावर अकरा फोटो ठेवले आहेत, त्यांच्या ओळी अजून अपुऱ्या आहेत. मुलांना माणसं ओळखता आली नाहीत. एकात कोणीतरी मोठ्या कढईसमोर उभं आहे आणि मागे बर्फ पडलेला आहे. एकात एक मुलगा रडतो आहे, आज तो साठीचा असेल आणि बहुधा इथेच बसलेला असेल. प्रत्येक फोटोशेजारी वही आणि पेन घेऊन एक विद्यार्थी उभा राहणार आहे. तुम्ही सांगा, तो मराठीत लिहून घेईल. त्याचं वाक्य अडलं तर थोडं थांबा, लगेच सांगू नका. आणि ज्यांना कोणालाच ओळखता येणार नाही, त्यांनी निदान कढईत काय होतं ते सांगून जा, कारण त्यावर वर्गात मतभेद आहेत.